तुम्ही कुणाकडचे?

४ सप्टेंबर २०२३, सोमवार. उल्सान

साडेआठच्या बैठकीत सिंक मार्कचा विषय निघाला आणि कॉफी गार व्हायच्या आत संपलासुद्धा. दाराच्या आतल्या पॅनेलवर, स्पीकरच्या जाळीखाली, उजेडात तिरकं धरलं की बारीक खळगा दिसतो. चाकणच्या आमच्या कारखान्यात याच भागापायी आम्ही रक्त आटवलेलं. म्हणून काल रविवार असूनही बसून मोजमापं, फोटो, तापमानाचे आलेख असं सगळं मांडून ठेवलं होतं. तिसऱ्याच स्लाइडला टीमजांग, म्हणजे आमचे टीमप्रमुख, म्हणाले, रिबची जाडी कमी करायचं ठरलंय, गुरुवारी मोल्ड मशीनवरून उतरतोय. निर्णय बरोबर होता, मीही तेच सुचवणार होते. पण ठरलं कधी? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मेलमध्ये या विषयावर चकार शब्द नव्हता.

खुलासा दुपारी देरीनिमने केला. देरीनिम हा तिचा हुद्दा; ती माझ्या शेजारच्या टेबलाची, माझ्याहून वयाने लहान, इंग्रजी बऱ्यापैकी. शनिवारी टीमजांगांच्या हायस्कूलचा माजी विद्यार्थ्यांचा डोंगर चढणारा गट शिनबुलसानवर गेला होता. ओएदोंगच्या मोल्ड वर्कशॉपचे मालक त्याच शाळेचे, दोन वर्षं पुढचे. उतरल्यावर खाली कांद्याच्या पातीचे घावन आणि तांदळाची माकगल्ली. रिब तिथे बारीक झाली. आजच्या बैठकीत फक्त इतिवृत्त लिहिलं गेलं.

११ सप्टेंबर, सोमवार

इथे माणूस माणसाला तीन धाग्यांनी बांधलेला असतो, असं सगळेच सांगतात, आणि शाळेत पाठ केल्यासारखं सांगतात: रक्ताचा, मातीचा आणि शाळेचा. चौथा लष्कराचा, पुरुषांना सक्तीची सेवा असल्याने तो आपोआप येतो. देशातल्या तीन सर्वांत घट्ट टोळ्या कोणत्या, याचं उत्तरही ठरलेलं आहे: कोरिया युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थी, होनाम प्रांतातल्यांची गावकरी मंडळं, आणि मरीन दलातून निवृत्त झालेले. लोक हे हसत सांगतात, पण प्रत्येकाला आपण कशात बसतो हे पक्कं माहीत असतं.

मला पहिल्या दिवशी टीमजांगांनी जन्मसाल विचारलं होतं. २८ जूनपासून कायद्याने सगळ्यांचं वय जगासारखं मोजायला लागलेत, त्यामुळे अख्खा देश एका रात्रीत वर्षा-दोन वर्षांनी तरुण झाला, अशी बातमी आपल्याकडेही आली होती. प्रत्यक्षात कुणी वय विचारतच नाही, साल विचारतात. सालावरून शाळेची तुकडी कळते, तुकडीवरून कोणी कोणाला आधी वाकायचं ते. माझं साल ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पुढे काय विचारावं ते त्यांना सुचलं नाही. चिपळूणची शाळा त्यांच्या काय कामाची!

उल्सान हे शहरच मुळात उपऱ्यांचं. १९६२ मध्ये सरकारने इथे औद्योगिक क्षेत्र जाहीर केलं तेव्हा हे मासेमारीचं नि शेतीचं गाव होतं, लाखाच्या आतलं. आज अकरा लाखांचं आहे. म्हणजे बहुतेकांचे आईबाप कुठून तरी आलेले, आपल्या पिंपरी-चिंचवडसारखे, आणि तिथल्यासारखीच ज्याच्या त्याच्या गावाची मंडळं: आमच्याकडे खानदेशवाल्यांचं वेगळं, मराठवाड्याचं वेगळं, सांगली-साताऱ्याचं तर प्रत्येक पेठेत. परक्या गावात आलेल्या माणसांनीच ही जाळी जास्त घट्ट विणली असणार. ज्यांचं सगळं गावातच आहे त्यांना मंडळ काढायची गरज काय?

२३ सप्टेंबर, शनिवार

मंगळवारी गणेश चतुर्थीला सुट्टी नव्हतीच. आज बुसानजवळ एका घरी मराठी मंडळी जमली. शाडूची छोटी मूर्ती कुणीतरी हातानेच केली होती, सोंड जरा जाड झालेली. मोदकाचं पीठ किमहेच्या परदेशी बाजारातून, तिथे तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं.

दारातच एका काकूंनी विचारलं, “तुम्ही कुणाकडून आलात?” मी म्हटलं, ग्रुपवर पत्ता होता. “हो, पण ग्रुपवर कुणी घेतलं?” मग गाव, मग आडनाव, मग “चिपळूणच्या म्हणजे नक्की कुठल्या?” दहा मिनिटांत माझ्या मावशीच्या नणंदेपर्यंत पोचल्या आणि मग ताटात दोन मोदक जास्त पडले. मला बरं वाटलं, हे लिहायलाच हवं. व्हिसा वाढवायला कोणत्या खिडकीत जायचं, कोणता दातांचा डॉक्टर इंग्रजी बोलतो, घराची अनामत परत मिळवताना घरमालकाशी कसं बोलायचं, हे सगळं एका दुपारीत मिळालं. कंपनीच्या एचआरने दिलेल्या जाड पुस्तिकेत यातलं काहीच नव्हतं.

तिथे एक जोडपं बरीच वर्षं कोरियात राहिलेलं. त्यांना भाजीबाजाराइतकी कोरियन येते. गरज पडली नाही, ते म्हणाले. शनिवार-रविवार आपली माणसं आहेत, ऑफिसात इंग्रजी चालतं. ते कडवटपणे बोलत नव्हते, समाधानात होते. परतीच्या बसमध्ये मी कोरियन क्लासची फी भरून टाकली.

२७ सप्टेंबर, बुधवार

उद्यापासून चुसॉकची, म्हणजे सुगीच्या सणाची, मोठी सुट्टी. ऑफिसच्या दारात कुरिअरवाल्यांची रीघ. भेटींचे खोके: स्पॅमचे डबे, ट्यूनाचे डबे, तेलाच्या बाटल्या, शाम्पू. डबाबंद डुकराचं मांस रेशमी कागदात बांधून भेट द्यायचं हे मला अजून पचलेलं नाही, पण इथे तो मानाचा खोका आहे. कोणाला कोणाकडून काय आलं, हे सगळे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात.

सरकारी नोकर, शिक्षक, पत्रकार यांना मात्र हे जपून. २८ सप्टेंबर २०१६ पासून लाचविरोधी कायदा लागू आहे, ज्यांनी तो मांडला त्या माजी न्यायमूर्ती किम योंग-रान यांच्या नावानेच लोक त्याला ओळखतात. जेवण तीस हजार वॉनपर्यंत, लग्न-मयतीचं पाकीट पन्नास हजारांपर्यंत. म्हणजे कायद्यानेही पाकीट बंद केलं नाही, त्याला मर्यादा घातली. कोणी लिहिला असेल तो भाग, व्यवहारी माणूस दिसतो.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

ह्वेशिक. सगळ्या विभागाचं एकत्र खाणंपिणं. साथीच्या काळात आणि आठवड्याच्या बावन्न तासांच्या कायद्यानंतर हे खूप कमी झालं असं सगळे म्हणतात. जुने लोक हळहळून, तरुण हळूच. पहिल्या जागी शेगडीवर मांस, दुसऱ्या जागी बिअर, तिसऱ्या जागी गाणी. मी दुसरीपर्यंत टिकते. मोठ्यांसमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं, ओतताना दोन्ही हात लावायचे, स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही.

आज एक भारी गंमत झाली. खरेदी विभागाचे बुजांग, म्हणजे प्रमुख, पन्नाशीचे, कधी माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, तू अयोध्येहून किती लांबची? त्यांचं घराणं किमहेचे किम. ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात कथा आहे: इसवी सन ४८ मध्ये अयुता नावाच्या देशाची राजकन्या समुद्रातून आली आणि सुरो राजाची राणी झाली. हो ह्वांगओक तिचं नाव. अयुता म्हणजे अयोध्या असं इथले पुष्कळजण मानतात, अयोध्येत तिचं स्मारकही २००१ मध्ये उभं राहिलं. इतिहास किती, दंतकथा किती, तो वाद इतिहासकारांचा. पण किमहेचे किम कोरियातलं सर्वांत मोठं कुळ, चाळीस लाखांहून जास्त माणसं, आणि त्यातला एक जण माझ्यासमोर बसून म्हणत होता की आजीच्या बाजूने आपण नातेवाईक!

मी अयोध्या पाहिलेली नाही. ते सांगितलं नाही. सोमवारपासून खरेदीची मंजुरी लवकर मिळते का बघू.

(१७ ऑक्टोबर. मिळाली.)

१६ नोव्हेंबर, गुरुवार

आज ऑफिस दहाला. सुनुंग, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. पाच लाखांवर मुलांनी अर्ज भरलेत. मुलांना रस्ता मोकळा मिळावा म्हणून ऑफिसं उशिरा, उशीर झालेल्यांना पोलीस गाडीतून सोडतात, आणि इंग्रजी ऐकण्याच्या पेपराच्या वेळी पस्तीस मिनिटं देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. टीमजांगांची मुलगी बसली आहे. दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत.

आपल्याकडे दहावी-बारावीचं जे होतं त्यापेक्षा इथे वेगळं काय, ते मला आज कळल्यासारखं वाटलं. मार्कांनी पहिली नोकरी मिळेल, ते खरंच. पण हा दिवस पोरीची पुढच्या चाळीस वर्षांची माणसं ठरवतो. एकेकाळी सोलच्या ग्योंगी हायस्कूलमधून सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत गेलेल्याला ‘केएस’ म्हणत, कारखान्यातल्या मालावर कोरियन मानकाचा तोच शिक्का असतो. १९७४ पासून सोल नि बुसानमध्ये हायस्कूलची प्रवेश परीक्षा काढून सोडत पद्धत आणली, तेव्हा शाळेचा शिक्का पुसट झाला. मग सगळा भार विद्यापीठावर आला.

२६ नोव्हेंबर, रविवार

घरमालकीण आजींनी सकाळी सातलाच दार वाजवलं. किमजांग. हिवाळ्याची किमची घालायचा दिवस. गल्लीतल्या बायका, एक बहीण, एक सून, पांढऱ्या कोबीचा ढीग आणि लाल मसाल्याची परात. मला रबरी हातमोजे दिले आणि पानापानात मसाला चोळायला बसवलं. खारवलेल्या कोळंबीचा वास आला आणि मी थेट दाभोळच्या बाजारात. आजींना वाटलं मला वासाने मळमळतंय. मी आणखी एक चमचा मागितला तेव्हा सगळ्या हसल्या.

इथे मला काय काय कळलं त्याची यादी करायला हवी. खालच्या चौकातलं क्लिनिक आता पाचला बंद होतं. माझा गॅसचा हीटर जुना आहे, तो आजींच्या खर्चाने बदलायला हवा, आणि हे खुद्द आजींच्या बहिणीनेच त्यांच्यासमोर सांगितलं. माझ्या कंपनीच्या शेजारचा कारखाना मार्चमध्ये हलतोय. एकीचा जावई तिथे आहे. ही शेवटची बातमी आमच्या ऑफिसात कुणाला नव्हती.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये लिहिलं होतं की जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच कामाची बातमी जास्त आणतात, कारण जिवलगांना ठाऊक असतं तेच आपल्यालाही ठाऊक असतं. त्याने बॉस्टनच्या उपनगरातल्या नोकरदारांना विचारलं होतं. पुढे बियान यांजिए यांनी चीनच्या त्येनचिन शहरात विचारलं तर उलट निघालं: नोकरी घट्ट नात्यानेच मिळत होती, कारण नोकरी देणं ही मेहेरबानी होती आणि मेहेरबानी परक्यावर करत नाहीत. मला दोन्ही पटतं. बातमी परक्यालाही मिळते. शब्द टाकणं मिळत नाही. परातीभोवती बसून मला गल्लीभरच्या बातम्या मिळाल्या, पण उद्या माझ्यासाठी कुणी कुणाला फोन करेल का?

किमचीचा डबा मात्र मोठा दिला.

१६ डिसेंबर, शनिवार

टीमसोबत ‘सोलचा वसंत’ हा सिनेमा पाहिला. सगळा देश पाहतोय. १२ डिसेंबर १९७९ ची रात्र: चन दू-ह्वान या जनरलने लष्करप्रमुखालाच अटक केली आणि पहाटेपर्यंत राजधानी ताब्यात घेतली. सिनेमात नावं किंचित बदललीत, पण न ओळखणारा कुणी नव्हता. थिएटरात पुढच्या रांगेतले एक आजोबा मधूनमधून जोरात शिव्या देत होते.

मला धरून ठेवलं ते फोनांनी. रात्रभर फोन चालू असतात. हानाह्वे नावाचा लष्करातला खाजगी गट, लष्करी अकादमीच्या अकराव्या तुकडीतल्या मित्रांनी सुरू केलेला. वरिष्ठाचा हुकूम एकीकडे आणि तुकडीतल्या मित्राचा फोन दुसरीकडे, आणि फोन जिंकतो. सीमेवरच्या नवव्या डिव्हिजनचा प्रमुख रो ते-ऊ, त्याच गटातला, उत्तर कोरियासमोरची जागा सोडून आपलं सैन्य सोलकडे आणतो. पुढे हे दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले. गट मोडायला १९९३ उजाडलं, किम योंग-साम आल्यावर.

बाहेर पडल्यावर पोरं हुकूमशहाबद्दल बोलत होती. टीमजांग गप्प. मग म्हणाले, “तो फोन आला तर नाही म्हणणं फार कठीण असतं.” ते कुणाच्या बाजूने बोलत होते ते मला सांगता येणार नाही. बहुतेक कुणाच्याच नाही.

९ जानेवारी २०२४, मंगळवार

मोल्डवाल्या मालकांची आई गेली. सकाळी काकाओटॉकवर निरोप आला: नाव, वय, हॉस्पिटल, दफनाची वेळ, आणि खाली बँकेचा खाते क्रमांक. साथीपासून हे सर्रास झालंय, न येऊ शकणाऱ्यांनी तिथे पैसे भरायचे.

टीमजांगांनी विचारलं, येणार? प्रश्न प्रश्नासारखाच होता, आग्रह नव्हता. देरीनिमने पाकीट आणून दिलं, मागच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात नाव उभं लिहायचं. रक्कम विषम हवी, तीस, पन्नास, सत्तर हजार, किंवा मग सरळ लाख. मी पन्नास हजारांची पिवळी नोट घातली, आपले तीन हजारांच्या वर रुपये. शिन साइमदांगचं चित्र आहे तिच्यावर, कोरियाच्या नोटांवरची एकमेव बाई.

इथे अंत्यसंस्काराचे हॉल हॉस्पिटललाच जोडलेले असतात आणि तीन दिवस ये-जा चालते. कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना पांढऱ्या शेवंतीची माणसाएवढी उंच तोरणं, प्रत्येकावर दोन रेशमी पट्ट्या: एकीवर श्रद्धांजली, दुसरीवर कोणाकडून. चार महिने मला जे तुकड्यातुकड्याने कळत होतं ते इथे भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. हायस्कूलची तुकडी. त्याच हायस्कूलचा डोंगर-गट. मरीन दलाच्या निवृत्तांची शाखा. आमच्या सगळ्यांच्या वर असलेल्या मोटार कंपनीच्या पुरवठादारांचं मंडळ. गावाची संघटना, म्हणजे वडिलांच्या गावाची, ते गाव कधीच धरणाखाली गेलंय. एक बँक. एक चर्च. दोन पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांची तोरणं, अगदी समोरासमोर. माझं कोरियन वाचन अजून शाळकरी मुलाचं, पट्ट्या वाचत मी मागे पडले. टीमजांग थांबले आणि एकेक पट्टी हळू आवाजात समजावून सांगितली. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की ओएदोंगच्या एका छोट्या वर्कशॉपला आमच्या कंपनीहून जास्त ताकद कशी.

बूट काढून आत, फोटोसमोर दोनदा पूर्ण वाकायचं, मग घरच्यांना एकदा. मालक थकलेले, दंडावर पट्टी. मला बघून क्षणभर गोंधळले आणि मग माझ्या वाकण्याहून जास्त खाली वाकले.

नंतर जेवण. तिखट रश्श्यात गोमांस होतं, मी भात, शेंगदाणे आणि तांदळाचे केक खाल्ले. कुणी विचारलं नाही. सोजू प्यायची, पण पेला पेल्याला लावायचा नाही. दाराशी एक पुतण्या टेबलावर बसून पाकिटं उघडून वहीत लिहीत होता. नाव, रक्कम. लग्नात मांडवाच्या दाराशी मामा बसतो ना आहेराची वही घेऊन, तसाच, तोच चेहरा, अर्धा दुःखी नि अर्धा हिशेबी. माझ्या नावाशी त्याचं पेन थांबलं. परदेशी नाव कोरियन अक्षरांत मीच लिहिलं होतं. त्याने मान वर करून पाहिलं, खात्री केली आणि लिहिलं.

१८ जानेवारी, गुरुवार

आज मी ओएदोंगला स्वतः फोन केला आणि मालकांनी दुसऱ्या रिंगला उचलला. याआधी माझा फोन आला की तिकडून टीमजांगांना फोन जायचा. एका बाजूला फ्लॅश येतोय, पार्टिंग लाइन बघायला हवी, एवढं माझ्या कोरियनमध्ये बसलं. उद्या माणूस पाठवतो म्हणाले.

देरीनिमला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, “त्यांनी टीमजांगांना विचारलंय, तुम्ही परत कधी जाणार.” का? “तुमचे पन्नास हजार वहीत आहेत. तुमच्याकडे काही घडलं तर त्यांना यावं लागेल. पण तुमच्याकडे इथे काय घडणार?”

संध्याकाळभर हे डोक्यात घोळलं. मला वाटायचं आड येते ती भाषा, कातडीचा रंग, दारू, बाई असणं. ते सगळं आहेच. पण खरी अडचण माझ्या व्हिसावरच्या तारखेत आहे. इथलं देणंघेणं तीस वर्षांच्या मुदतीचं असतं: आज तुझ्या आईच्या वेळी मी, उद्या माझ्या मुलाच्या लग्नात तू. उन्हाळ्यात परत जाणाऱ्या माणसाशी असा व्यवहार करून काय करायचं? कितीही चांगली असली तरी ती उधारी बुडीतच.

चाकणचे आमचे कोरियन जीएम आठवले. भंगाराच्या ठेक्याला दरवर्षी तीन कोटेशनं यायची आणि ठेका दरवर्षी शेजारच्या गावच्या एकाच गृहस्थांना जायचा. बाकीची दोन कोटेशनं त्याच संगणकावर टाइप केलेली असायची. जीएम विचारायचे, आणि आम्ही म्हणायचो, “सर, लोकल मॅटर.” टँकर, बस, कँटीन, ठेकेदाराची पोरं, सगळं लोकल मॅटर. कुठला सरपंच कुणाचा मेव्हणा हे आम्हाला पाठ होतं आणि त्यांना सांगण्यात कुणाला रस नव्हता, कारण तीन वर्षांनी ते जाणार आणि सरपंच राहणार. त्यांना जे काही कळायचं ते ड्रायव्हरकडून. ड्रायव्हर हुशार होता. त्याचा भाचा आता आमच्या स्टोअर्सला आहे. पुण्याच्या आसपास अशी कोरियन माणसं किती असतील. रांजणगावला आहेत, माणगावजवळच्या पोलादाच्या कारखान्यात आहेत, आता तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखानाही ह्युंदाईने घेतलाय. प्रत्येकाचा एक ड्रायव्हर असणार.

७ फेब्रुवारी, बुधवार

सॉल्लालच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, आधीची धांदल. माझ्या नावाने खोका आला, पाठवणारे ओएदोंगचे मालक. जेजू बेटाची हल्लाबोंग संत्री, देठाकडे टेंगूळ असलेली, प्रत्येक वेगळ्या जाळीत. मी हरखले. देरीनिमने नेटवर किंमत पाहिली: पन्नास हजारांच्या आसपास.

महिन्याच्या आत फेड. गावाकडे कुणी असा आहेर लगेच परत केला तर आई काय म्हणेल ते मला माहीत आहे. त्यांनी मात्र फार नीट, फार प्रेमाने केलं होतं, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, आईला निरोप द्यायला आलात ते विसरणार नाही. खातं बंद करून मला मोकळं केलं, आणि स्वतःलाही.

संत्री अप्रतिम. आजींना अर्धी दिली.

३० मार्च, शनिवार

देरीनिमचं लग्न. तिच्या गावी, मोक्पोला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. कंपनीने बस केली. दाराशी दोन टेबलं, मुलीकडचं आणि मुलाकडचं. पाकीट दिलं की जेवणाचं कुपन. पाऊण तासात लग्न आटपलं.

आदल्या आठवड्यात ती बोलली होती. लग्न याच वसंतात का? वडील जूनमध्ये निवृत्त होतात. नोकरीत असताना आयुष्यभर त्यांनी जेवढी पाकिटं दिली ती आत्ताच परत येतील. निवृत्त झाल्यावर निम्मी येणार नाहीत. ती स्वतः पश्चिमेकडच्या होनामची, उल्सान पूर्वेकडच्या योंगनाममधलं. डोंगर-गटात ती नाही: शाळा वेगळी, प्रांत वेगळा, आणि तिथे जाणारी बाई बायकोच्या नात्यानेच जाते. ऑफिसातल्या बातम्या तिला कशा कळतात मग? ती म्हणाली, बाहेर असलेल्यांना लक्ष ठेवावंच लागतं. म्हणून ती माझ्याशेजारी बसते, हे तिने सांगितलं नाही, पण पहिल्या दिवसापासून मला मदत करणारी माणसं पाहिली तर ही, आजी आणि रंगकामातला उझबेक पोरगा. कुणीच आतलं नाही.

मी लाख वॉन घातले. फेड नको म्हणून बजावून सांगितलं. तिने ऐकलं नसेल.

१० एप्रिल, बुधवार

काल गुढीपाडवा, बाल्कनीत बांबूला ओढणी आणि स्टीलचा पेला. आजींनी विचारलं, कुणी वारलं का?

आज संसदेची निवडणूक, सुट्टी. रात्री निकालाचा नकाशा टीव्हीवर: पश्चिम निळी, पूर्व लाल, मधली रेघ मोजपट्टीने ओढावी तशी. होनामच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जागा डेमोक्रॅटिक पक्षाला, देगू नि उत्तर ग्योंगसांगच्या पंचवीसच्या पंचवीस पीपल पॉवरला. जुने राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही याच पूर्वेचे. त्यांच्या काळात रस्ते, कारखाने, पदं पूर्वेकडे वळली, हा होनामचा जुना सल. त्यातून गावकरी मंडळं घट्ट झाली आणि मतंही. मोटार कामगारांच्या उल्सान उत्तर मतदारसंघात मात्र प्रोग्रेसिव्ह पक्षाचा माणूस आला. इथे युनियन हाही एक धागा, आणि तो गावाचा नाही. बघून बरं वाटलं. नोकरीत आपलीच मुलं आधी घ्या अशी मागणी युनियनमध्ये होते, असं देरीनिमने लगेच सांगितलं. ती कशाचंच बरं वाटू देत नाही.

२० मे, सोमवार

माझ्या जागी येणारा मुलगा आला. साताऱ्याचा, उंच, पहिलाच परदेश. त्याच्यासाठी फोल्डर केलाय: मोल्डच्या याद्या, ट्रायलच्या नोंदी, कोण कोणत्या शाळेचा याचा तक्ता, कोणत्या प्रसंगाला किती. तक्ता बघून तो म्हणाला, “मॅडम, हे आपल्याला कशाला?”

बैठकीत टीमजांगांनी त्याला जन्मसाल विचारलं. मग गाव. मग मला विचारलं, तुमचं गाव एकच का? नाही, मधे सह्याद्री आहे. टीमजांगांच्या कपाळावर आठी. मग याची निवड कशी झाली? मी परीक्षा, मुलाखत, गुणांकन असं सांगायला लागले. तेवढ्यात पोराने आपणहून सांगितलं, “आमचे चाकणचे सर आणि मी एकाच कॉलेजचे. मॅडमपण तिथल्याच, माझ्या सीनियर.”

देरीनिमने भाषांतर केलं. टीमजांग खुर्चीत मागे टेकले, चेहरा इतका मोकळा झाला की मला हसू आवरेना. एवढ्या महिन्यांत माझ्याबद्दल जे कळलं नव्हतं ते त्यांना एका वाक्यात कळलं. तिथेच ओएदोंगला फोन लावला. ह्योंगनिम (म्हणजे दादा), नवा मुलगा आलाय, आधीच्या मॅडमचा ज्युनियर, एकाच शाळेचा. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. टीमजांगांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, “शनिवारी डोंगर चढेल का हा?”

पोरगा म्हणाला, अजिंक्यतारा रोज चढायचो.